हॅडरबीच्या तिसऱ्या वळणाची माती

मी एक जुनी लाल माती आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्यात गहू उगवत नाही की गुलाब फुलत नाही, हे खरं. पण माझ्यासाठी माणसं शंभर शंभर मैलांवरून गाडी हाकत यायची, आणि परत जाताना मला केसांत, कानांत, चहाच्या थर्मासमध्ये घेऊन जायची. घरी गेल्यावर दारातच बोलणी खायची, "ते बूट बाहेर काढ आधी!" बूट बाहेर निघायचे, पण ते लगेच धुतले जायचे नाहीत. दोन-तीन दिवस तसेच दाराशी ठेवलेले असायचे. मला तेवढा मान पुरे होता.

माझा जन्म डोंगराच्या पोटातला. लाखो वर्षं मी खडक होऊन गपचूप पडले होते. मग एके दिवशी सुरुंग लागला, धडाम झालं, आणि मला भरडून, चाळून, लॉऱ्यांत भरून हॅडरबीला आणलं. इंग्लंडच्या पूर्वेकडचं हे लहानसं शहर. सपाट मुलूख, वारा मात्र उदंड. तिथल्या स्टेडियमच्या आत एका लंबगोल पट्ट्यावर मला ओतलं आणि वरून रूळ फिरवला. अहो, माझा जीव कासावीस झाला! इतकं दाबायचं होतं तर फोडलं कशाला, असं मी मनातल्या मनात म्हटलं. या गोष्टीला आता सेहेचाळीस वर्षं झाली. स्थानिक लोक मला 'शेल' म्हणतात. तुम्ही माती म्हणा, मला चालेल.

पहिल्या शर्यतीचा दिवस मी कशी विसरेन? चार मोटारसायकली आल्या. एकाच्या डोक्यावर लाल टोपी, दुसऱ्याच्या निळी, तिसऱ्याच्या पांढरी, चौथ्याच्या पिवळी. शिरस्त्राणावर चढवायची कापडी टोपी असते ती, लांबून ओळखू यावं म्हणून. समोर आडव्या ताणलेल्या फिती सटकन वर गेल्या आणि चौघे सुटले. मी म्हटलं, आता वळण आलं, आता ब्रेक दाबतील. कसला ब्रेक! त्या गाड्यांना ब्रेक नसतोच, मित्रांनो. बसवायला कुणी विसरलं नव्हतं, मुद्दामच ठेवलेला नव्हता. गिअर एक, ब्रेक शून्य. वळण आलं की मागचं चाक माझ्यावरून घसरवायचं, डाव्या बुटाखाली बसवलेला लोखंडी तळवा माझ्यावर टेकवायचा, हँडल उजवीकडे फिरवायचं आणि डावीकडे जायचं. चार फेऱ्या, साधारण एक मिनिट, खेळ खलास. मी कारंज्यासारखी उडाले आणि कठड्यावरून थेट लोकांच्या तोंडावर पडले. कुणी रागावलं नाही, उलट टाळ्या पिटल्या. माझी तर बोबडीच वळली. खडक असताना मी भूकंप सोसले होते, पण असं धाडस कधी पाहिलं नव्हतं. आजही ते आठवलं की मी थक्क होते.

त्याच दिवशी नॉर्मनची आणि माझी ओळख झाली. नॉर्मन ॲक्रिल. तेव्हा सव्वीस वर्षांचा, अंगाने काटकुळा, बोलायला कंजूष. ट्रॅकची माती राखायचं काम त्याच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहिलं. तो मला मूठभर उचलायचा, लाडू वळावा तशी वळायचा आणि कंबरेच्या उंचीवरून खाली टाकायचा. लाडवाचा भुगा झाला तर पाणी कमी. पचकन बसला तर पाणी जास्त. दोन-तीन तुकडे झाले की नॉर्मन नुसतं "हं" म्हणायचा आणि पाइप पेटवायचा. त्या "हं"साठी मी दिवसभर भिजत आणि सुकत असे. देशोदेशीचे नावाजलेले रायडर येऊन गेले. ते वाकून मला बोटांत चोळत आणि म्हणत, "इथली माती म्हणजे काही औरच." मी फुगून जायचे. नॉर्मन ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण त्या संध्याकाळी दाताळं जरा हळुवार फिरवायचा.

त्याची बायको ग्लेनिस. ती बोलण्यात नॉर्मनची सगळी कसर भरून काढायची. तिसऱ्या वळणाच्या कठड्याशी तिची जागा ठरलेली. मांडीवर कार्यक्रमपत्रिका, हातात चार रंगांचं पेन. प्रत्येक शर्यत झाली की कोण पहिला, कोण दुसरा, कोणाला किती गुण, हे त्या पत्रिकेतल्या चौकटींत भरायचं. हा तिथल्या सगळ्यांचाच रिवाज. आठ वर्षांच्या नातीपासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळे शर्यत संपल्याबरोबर माना खाली घालून लिहायला लागतात, परीक्षेला बसल्यासारखे. गुण फलकावर लागतात, कर्ण्यावरून सांगितले जातात. तरी लिहायचे. का? मी ग्लेनिसला एकाला सांगताना ऐकलं आहे, "मी लिहिलं नाही तर शर्यत झालीच नाही असं वाटतं रे मला."

असे दिवस होते, मित्रांनो. दर गुरुवारी संध्याकाळी कठड्याशी मुंगीला शिरायला जागा नसायची. हॅडरबी हेरन्स हे आमच्या संघाचं नाव, म्हणजे बगळे. गावातला पाव विकणारा बगळा, बस चालवणारा बगळा, पाद्रीसुद्धा बगळा.

मग हळूहळू ओहोटी लागली. ती एका दिवसात लागत नाही, म्हणून कळत नाही. आधी पुढच्या गावचं स्टेडियम पाडलं आणि तिथे मोठं दुकान उभं राहिलं. मग त्याच्या पुढचं गेलं, तिथे घरं झाली. आमच्याशी शर्यत करायला येणारे संघ एकेक करून यायचे बंद झाले. चांगले रायडर पोलंडला जाऊ लागले, तिकडे या खेळाला सोन्याचे दिवस आहेत म्हणे. आमचा गुरुवार कुत्र्यांच्या शर्यतींना गेला आणि आम्हाला रविवारची दुपार मिळाली. रविवारी दुपारी माणूस जेवून लवंडतो, तो स्टेडियमवर कशाला येतो? एक वर्ष तर संघच उभा राहिला नाही. माझ्यावर गवत उगवलं. मी माती असून मला गवताची लाज वाटली, बघा! नॉर्मन मात्र दर आठवड्याला यायचा आणि हाताने ते उपटायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

शेवटी मालकांनी जागा घरं बांधणाऱ्यांना विकली. सप्टेंबरअखेर किल्ल्या द्यायच्या, मग नांगर. म्हणजे माझ्यावर काँक्रीट आणि त्यावर कुणाचं तरी स्वयंपाकघर.

एकच आशा होती. गावाबाहेर कॉलस्टनजवळ युद्धाच्या काळातली एक जुनी धावपट्टी पडून आहे. तिथे नवा ट्रॅक करायचा, मला उचलून तिथे न्यायचं, असं हेरन्सवाल्यांनी ठरवलं. परवानगी द्यायची होती कौन्सिलने. आणि कौन्सिलमध्ये कॉलस्टनच्या प्रतिनिधी होत्या व्हेरिटी ऑल्डस. या बाईंनी घरोघरी फिरून विरोधाच्या सह्या गोळा केल्या होत्या. आवाजाचं त्यांना फारसं वाटत नव्हतं, विमानांच्या आवाजात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. त्यांचं भांडण होतं धुळीशी, म्हणजे माझ्याशीच. "आमच्या गावात दम्याची तेवीस माणसं आहेत," त्या सभेत म्हणाल्या होत्या, "त्यांना मी तुमची लाल धूळ खायला घालू का?" बाईंचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

मतदान मंगळवारी ठरलं. त्याआधीचा रविवार म्हणजे आमची शेवटची शर्यत. ऑल्डस बाईंनी कळवलं, "मी स्वतः येऊन बघते. धूळ दिसली तर माझं मत ठरलेलं आहे."

आता नीट ऐका. इथे चूक झाली, आणि ती ज्याला माती कळत नाही त्याच्या हातून होऊच शकली नसती. अशी चूक करायला सेहेचाळीस वर्षं माती राखावी लागते.

रविवारी सकाळी नॉर्मनने माझा लाडू वळून टाकला. तीन तुकडे झाले. "हं," तो म्हणाला. दोन टँकर पाणी घालून झालं होतं, वारा मंद होता, मी अगदी हवी तशी झाले होते. पण त्याने पाइप पेटवला नाही. तिसऱ्या वळणाशी उभा राहून तो मुख्य सज्जाकडे बघत राहिला. ऑल्डस बाई तिथेच बसणार होत्या, आणि तिसऱ्या वळणावरची धूळ वाऱ्याबरोबर सरळ त्याच सज्जात जाते.

ग्लेनिस सँडविचचा डबा घेऊन आली. "काय झालं? तोंड का असं पाडलंयस?"

"धूळ," नॉर्मन म्हणाला.

"कुठाय धूळ?"

"आता नाही. चारच्या सुमारास उडेल कदाचित."

"कदाचित! अरे, हवामानवाले म्हणतात ढगाळ आहे, कोरडं राहील. तू म्हणतोस माती झकास आहे. मग खा की गुमान."

त्याने खाल्लं नाही. टँकर पुन्हा भरून आणला आणि तो सबंध तिसऱ्या वळणावर रिता केला. वर चार वेळा दाताळं फिरवलं, ओल वरून दिसू नये म्हणून. मी ओरडत होते, "पुरे, पुरे रे बाबा!" पण मातीचं ओरडणं कोण ऐकतो? वरून मी छान दिसत होते, आणि तीन बोटं खाली माझी लापशी झाली होती.

दोन वाजता पाऊस आला. हवामानवाल्यांच्या नावाने बोटं मोडत लोक छपराखाली पळाले. वीस मिनिटांत तो थांबला, पण व्हायचं ते झालं. माझ्या अंगावर पाणी चकाकत होतं.

पंच होत्या हेदर पिक्सली. उंच बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांनी माझ्यावरून एक चक्कर मारली, जागोजाग टाच रोवून पाहिली. "वरचा थर खरवडून काढा," त्यांनी फर्मावलं. ट्रॅक्टरच्या फळीने वरचा चिखल बाजूला ओढला, लाकडाचा भुसा टाकला. बाई पुन्हा फिरल्या. तिसऱ्या वळणावर त्यांनी टाच रोवली ती नेमकी बाहेरच्या कडेला. पाणी उताराने आतल्या कडेला साचलं होतं, तिथे बाहेर मी घट्ट होते. "पावसाचा जोर नव्हता म्हणून बरं," त्या म्हणाल्या. "पावणेचारला सुरू करू."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शर्यत झाली नसती तर पुन्हा तारीख नव्हती, आणि ऑल्डस बाई ओलं मैदान बघून घरी गेल्या असत्या. "ज्यांना साधं पाणी आवरत नाही त्यांना धूळ काय आवरणार," असं म्हणायला मोकळ्या.

नॉर्मन दाताळ्यावर रेलून उभा होता. बोलत नव्हता, पण तो तसा कधीच बोलत नाही, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं. त्याचे बूट दोनदा तिसऱ्या वळणाकडे वळले आणि दोनदा परत फिरले.

तुम्हीच विचार करा. पावसावर सगळं ढकलून देता येत होतं. तो आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पंधरातल्या एखाद्या शर्यतीतच कुणी आतून तो पट्टा गाठला असता. कदाचित कुणीच गाठला नसता. पण गाठला असता तर पुढचं चाक लापशीत रुतलं असतं आणि माणूस गाडीवरून उडून कठड्यावर गेला असता. आणि ते ब्रेक नसलेले वेडे पीर आत शिरताना विचार करत नाहीत, कारण त्यांचा नॉर्मनच्या मातीवर विश्वास असतो. तेवढ्यावरच ते आयुष्य तोलतात.

दोन मिनिटांची घंटा झाली. चार गाड्या फितींकडे येऊ लागल्या. आणि नॉर्मन चालत तिसऱ्या वळणाच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला.

इंजिनं बंद झाली. आमचा कप्तान रीस टॉलविन गाडी टाकून धावत आला. हा रीस आठवडाभर लोकांची छपरं दुरुस्त करतो आणि रविवारी आमच्यासाठी जिवावर उदार होतो. "नॉर्मन! काय चाललंय? हल तिथून!"

पिक्सली बाईही पोहोचल्या. नॉर्मनने वाकून माझ्यात हात घातला, कोपराच्या जवळपर्यंत, आणि मूठ वर काढली. बोटांतून मी गळत होते.

"हा पाऊस नाही," तो म्हणाला. "मी केलंय हे. सकाळी एक टँकर जास्त ओतला."

"का?" पिक्सली बाई.

"धूळ उडू नये म्हणून. बाई येणार होत्या ना."

रीसचा चेहरा लालबुंद झाला. "अरे म्हाताऱ्या, मी पहिल्याच फेरीत इथे आतून घुसणार होतो! पूर्ण वेगात! माझी दोन पोरं बसलीत तिकडे! तुला अर्ध्या तासापूर्वी तोंड नव्हतं?"

"होतं," नॉर्मन म्हणाला. "उघडलं नाही. लाज वाटली."

रीसने हातमोजे काढले, माझ्यावर आपटले, पुन्हा उचलले. मग म्हणाला, "फावडी कुठायत?"

मित्रांनो, आता जे घडलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. कर्ण्यावरून सगळं जसंच्या तसं सांगण्यात आलं. काय झालं, कुणी केलं, काय लागणार. मला वाटलं, लोक शिव्या घालत घरी जातील. पण कठड्यावरून पहिली उडी मारली ती सत्तरीच्या एका आजोबांनी. उडी म्हणजे काय, दोघांनी ढकललं आणि दोघांनी धरलं. मग माणसांची रीघ लागली. फावडी संपली तेव्हा चिप्सच्या गाडीवाल्याने आपली पत्र्याची ताटं दिली. पाहुण्या संघाचे रायडर, ज्यांना आमच्या ट्रॅकचं काही देणंघेणं नव्हतं, ते रंगीबेरंगी कातडी पोशाखात माझी लापशी बादल्यांत भरत होते. ताडपत्रीखाली झाकलेला माझा कोरडा ढीग होता, तो साखळी करून हातोहात आणला गेला.

"आणि आता गाड्या," पिक्सली बाई म्हणाल्या.

ओली माती चाकांनी दाबून घट्ट करायची, ही या लोकांची जुनी युक्ती आहे. कर्ण्यावरून हाक गेली, ज्यांच्याकडे गाडी असेल त्यांनी ट्रॅकवर आणा, बैलगाडीच्या वेगाने चालवा, प्रत्येकाने जरा वेगळ्या चाकोरीतून. ग्लेनिस पहिली. तिची छोटी निळी गाडी, खिडकीची काच खाली. नॉर्मनपाशी येऊन तिने गाडी थांबवली.

"घरी चल तू," ती म्हणाली, "मग बघते तुझ्याकडे." आणि लगेच डोळे पुसून पुढे गेली.

तेवढ्यात मुख्य सज्जातून एक ठेंगणी बाई उतरून आली. फिकट पिवळा कोट, काखेत फाइल. व्हेरिटी ऑल्डस! नॉर्मनने टोपी काढली.

"तुम्हीच का ते पाणीवाले?" बाईंनी विचारलं.

"हो."

"माझ्यासाठी तीन टँकर ओतलेत?"

"नाही बाई. दोन रोजचेच. तिसरा तुमच्यासाठी."

बाईंनी चिखलात राबणाऱ्या माणसांकडे बघितलं. "आणि तुम्ही सांगितलं नसतंत तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," नॉर्मन म्हणाला. "पण कुणी पडलं असतं."

बाईंनी फाइल त्याच्या हातात दिली आणि त्या तरातरा निघून गेल्या. मी म्हटलं, झालं, गेली ही. पाच मिनिटांनी फाटकातून पांढरीशुभ्र, नुकतीच धुतलेली मोटार आत आली. स्टिअरिंगवर ऑल्डस बाई. कॉलस्टनच्या दारोदार आमच्याविरुद्ध फिरलेली तीच मोटार, आता माझ्यावरून गोल गोल फिरत होती, पुढे चिप्सवाल्याची गाडी, मागे पाद्रीबुवा. एकतीस मोटारी! मुलं टपाला हात लावून बाजूने चालत होती, म्हाताऱ्या खिडक्यांतून एकमेकींना हाका मारत होत्या. आणि मी, जिच्यावरून आजवर वाऱ्यासारखे रायडर गेले, ती त्या मुंगीच्या चालीच्या वरातीकडे बघून गहिवरून गेले. धाडस वेगातच असतं, असा माझा समज होता. त्या दिवशी तो मोडला.

पाच वाजता नॉर्मनने माझा लाडू वळला. सगळं स्टेडियम कठड्यावरून वाकलं. टाकला. दोन तुकडे.

"हं," नॉर्मन म्हणाला, आणि लोकांनी असा कल्ला केला की छपरावरची कबुतरं उडाली.

पंधराच्या पंधरा शर्यती झाल्या. पहिल्याच फेरीत रीस तिसऱ्या वळणावर आतून शिरला, पूर्ण वेगात, सांगितल्याप्रमाणे. मी त्याला धरलं. जीव एकवटून धरलं, मित्रांनो. त्याचं मागचं चाक माझ्यावर टेकून पुढे झेपावलं आणि मी उडाले, उन्हाला आडवी जाऊन कठड्यापलीकडे पडले. धूळ नव्हती. ओलसर, जड ढेकळं मात्र होती, आणि त्यातलं एक थेट पिवळ्या कोटावर. ऑल्डस बाई ग्लेनिसच्या शेजारी बसल्या होत्या.

"लाल पहिला, पांढरा दुसरा," ग्लेनिस सांगत होती. "अहो, कोट नंतर पुसा! आधी लिहा, नाहीतर पुढची सुरू होईल!"

"निळा तिसरा आला ना?"

"निळा पडला. डोळे कुठे होते तुमचे?"

"मिटले होते," बाईंनी कबूल केलं.

आम्ही हरलो. दोन गुणांनी. सेहेचाळीस वर्षांच्या शेवटी जिंकलो असतो तर बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? पण रडणाऱ्यांमध्ये हरल्याचं कुणी रडत नव्हतं.

मंगळवारी काय झालं ते मला ग्लेनिसच्या तोंडून कळलं. सभेत ऑल्डस बाई उठल्या आणि म्हणाल्या, "धूळ आवरतो असं मला सगळेच सांगतात. पण मी एक माणूस असा पाहिला की ज्याने स्वतःची चूक सातशे लोकांसमोर उभं राहून सांगितली, आणि सांगितली नसती तर त्याचा फायदाच होता. तो आवरीन म्हणाला तर मी मानेन." परवानगी मिळाली. वर्षातून चौदा दिवस, संध्याकाळी सातपर्यंत, आणि धूळ उडाली तर परवानगी रद्द. लहान मुलांसाठी आतल्या बाजूला छोटा ट्रॅकही मंजूर झाला. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. चौदा दिवसांवर खेळ जगतो का? संघ उरतील का? धावपट्टीवरचा वारा मला एका जागी राहू देईल का? मी माती आहे, भविष्य मला दिसत नाही.

शुक्रवारी सकाळी मला न्यायला खोदणारं यंत्र आणि लॉऱ्या आल्या. यंत्रावरचा माणूस परगावचा, घाईत होता. "कुठून सुरू करू, काका?"

नॉर्मन त्याला तिसऱ्या वळणावर घेऊन गेला. आतल्या कडेला, गवत आणि मी जिथे मिळतो, तिथे उभा राहिला. आता एक गोष्ट सांगते. नॉर्मनने ती कधी कुणाजवळ काढली नव्हती, म्हणून मीही गप्प होते.

"इथून सुरू कर," तो म्हणाला. "पण यंत्र लावू नकोस. फावड्याने काढू आपण. यात अकरा माणसं आहेत."

तो माणूस दचकून एक पाऊल मागे सरला.

"राख," नॉर्मन म्हणाला. "मेल्यावर इथेच टाका असं सांगून गेले. घरचे सकाळी लवकर यायचे, मी दाताळं फिरवायचो. पाटी लावली नाही कधी, पाटीवर कुणी आदळलं तर काय घ्या! हा इथे हर्बर्ट, तीस वर्षं तिकिटं फाडली. या टॅपस्कॉट बहिणी, दोघी. इथे लायनेल, तो याच वळणावर गेला, शर्यतीत. आणि ही ग्लेनिसची आई."

यंत्रवाल्याने मागे जाऊन इंजिन बंद केलं. टोपी काढून खिशात कोंबली आणि फावडं उचललं. दोघांनी मिळून मला पहिल्या लॉरीत भरलं, चमच्याने भरावं तसं. मी त्या अकरा जणांना घट्ट कवळून बसले. आमची ताटातूट होणार या धास्तीने मी सबंध उन्हाळा काढला होता, हे आज पहिल्यांदा बोलते आहे.

मित्रांनो, मी साधी माती, तुमच्याकडे मागू तरी काय? तुमच्याही गावात एखादं मैदान असेल, जिथे आता चारच माणसं जमतात. ते उद्या कुणी उखडायला निघालं तर उखडू नका असं मी म्हणत नाही, माझं कोण ऐकणार? पण यंत्र लावण्याआधी तिथली माती राखणाऱ्याला शोधा आणि आत कोण आहे ते एकदा विचारा.

नॉर्मन लॉरीत चालकाशेजारी चढून बसला. फाटकाबाहेर पडताना मी त्याचा आवाज ऐकला.

"हळू घे रे," तो म्हणत होता. "मागे माणसं बसलीत."